न झालेल्या आजारांचं मानपत्र : मुलांच्या पोट, यकृत आणि पोषणासाठी आयुष्य वेचलेल्या डॉक्टरांचा गौरव कसा करावा

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तापवलेलं दूध तान्ह्या बाळाला रोज पाजलं, तर त्याचं यकृत कायमचं निकामी होऊ शकतं, हे आज तिशीतल्या आईला सांगितलं की ती चकित होते. तिच्या पणजीच्या काळात काही घरांना हे दुखणं चांगलंच ठाऊक होतं, कारण कळत नव्हतं एवढंच. वर्ष-दीड वर्षाचं मूल किरकिर करायला लागायचं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं हाताला लागायचं, मग कावीळ. बहुतेक मुलं त्यातून उठत नसत. काही घरांत पाठच्या भावंडालाही तेच व्हायचं. वैद्यकात या आजाराचं नावच 'इंडियन चाइल्डहूड सिरोसिस' पडलं होतं.

पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांचा माग काढला. त्यांच्या यकृतात तांबं प्रमाणाबाहेर साठलेलं होतं. मग प्रश्न आला की ते येतं कुठून. उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. अंगावरचं दूध लवकर तोडून वरचं दूध सुरू झालेलं, ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून तिथेच ठेवलेलं, आणि दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवणारं. १९८३ साली हे 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १९८७ साली आजारी मुलांच्या आहाराची निरोगी मुलांच्या आहाराशी तुलना प्रसिद्ध झाली. दुधाची भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर पोचत गेला, स्टीलची पातेली आली, आणि आज हा आजार इतका दुर्मीळ आहे की तरुण डॉक्टर तो पुस्तकातच वाचतात.

या क्षेत्रातल्या माणसाचा गौरव करणं अवघड का, ते इथेच कळतं. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याचे रुग्ण व्यासपीठावर येऊन उभे राहतात. जे मूल आजारीच पडलं नाही, त्याला कुठून आणणार? त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं की कुणाचे आभार मानायचे आहेत. म्हणून अशा डॉक्टरांचा सत्कार शाल, श्रीफळ आणि 'रुग्णांसाठी देवदूत' या तीन गोष्टींवर उरकला जातो. मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या तीन ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांच्या गौरवाच्या कामात होते. त्यातून जे शिकले ते क्रमाने लिहिते. ज्यांना आपल्या शहरातल्या, तालुक्यातल्या अशा डॉक्टरांसाठी काही करायचं आहे त्यांना ते उपयोगी पडावं.

पहिली गोष्ट : त्यांना विचारा, आणि वेळेत विचारा

सत्कारमूर्तींपासून सगळं गुपित ठेवून त्यांना धक्का देण्याची हौस टाळा. पंचाहत्तरी-ऐंशीच्या माणसाला ऐकू कमी येत असेल, संध्याकाळी थकवा येत असेल, जोडीदार आजारी असेल. आधी घरी जा, दोघंच जा, आणि सरळ विचारा : "सर, तुमच्या कामाची नोंद करावी असं आम्हाला वाटतं. तुम्हाला चालेल का?" समारंभाचं नंतर. पुष्कळजण समारंभाला नको म्हणतात, पण नोंदीला नाही म्हणत नाहीत. आमच्या एका सत्कारमूर्ती डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "भाषणं नकोत, पण माझ्या जुन्या वह्या कुणीतरी बघा." त्या वह्यांनीच पुढचं सगळं काम उभं केलं.

वेळेत म्हणते त्याला कारण आहे. डॉ. दिलीप महालनबीस हे बंगालचे बालरोगतज्ज्ञ. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी पिण्याचं द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरायचं ठरवलं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या बांधल्या, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला शिकवलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, तिच्यावर जगाचा विश्वास बसायला या छावणीतल्या अनुभवाची मोठी मदत झाली. परदेशात त्यांना २००२ साली बालरोग संशोधनासाठीचं पोलिन पारितोषिक मिळालं. भारताचा पद्मविभूषण जाहीर झाला २०२३ च्या जानेवारीत. ते ऑक्टोबर २०२२ मध्येच गेले होते.

तुमच्या गावातल्या डॉक्टरांचं वय आज ७८ असेल, तर पुढच्या वर्षीच्या वर्धापनदिनाची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट : योगदान एका वाक्यात पकडा

समितीच्या पहिल्या बैठकीत हॉल आणि पाहुणे यांची चर्चा काढू नका. एक कोरा कागद घ्या आणि एवढं वाक्य पूर्ण करा : "यांच्या आधी आपल्याकडे मुलांचं असं होत असे, यांनी अमुक केलं, त्यानंतर तसं होईनासं झालं." ते पूर्ण करता येत नसेल तर अजून माहिती हवी आहे, एवढंच समजा.

योगदान नेहमी शोधनिबंधाच्या रूपात नसतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. तिथलं योगदान एक व्यवस्था उभी करण्याचं आहे : एका आईचं जास्तीचं दूध तपासून, पाश्चरीकरण करून, दुसऱ्या आईच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळापर्यंत नेणं. मेळघाटातल्या बैरागडला राहिलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. उपचारांसोबत ते शेतीतही उतरले, आणि त्यांच्या कामातून ती शेती वजा केली, तर कुपोषणाची अर्धी गोष्ट हरवते. आणि दिल्लीच्या 'एम्स'मधले डॉ. महाराज किशन भान. मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूचा, नवजात बाळांच्या शीतून वेगळा केलेला एक वाण १९८० च्या दशकात त्यांच्या हाती लागला. त्यापासून झालेली भारतीय लस सरकारी लसीकरणात यायला २०१६ साल उजाडलं. तीस वर्षं एक धागा न सोडणं हेही योगदानच, आणि मानपत्रात ते तसं लिहावं लागतं.

तालुक्याच्या ठिकाणी याचीच लहान रूपं दिसतात. एखाद्या डॉक्टरांनी प्रत्येक प्रसूतिगृहातल्या नर्सला शिकवलेलं असतं की दोन आठवड्यांनंतरही कावीळ असलेल्या बाळाच्या शीचा रंग बघा. पांढरट, फिक्या मातीसारखा असेल तर पित्तनलिका बंद असू शकते, त्याच दिवशी पाठवा. पित्तनलिका बंद असलेल्या बाळावर जपानच्या कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया शक्यतो वयाच्या साठ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर यश झपाट्याने घटतं. नर्सला शिकवलेला तो एक प्रश्न म्हणजे एखाद्या मुलाचं अख्खं आयुष्य असू शकतं. अशी शिकवण कुठल्याच नियतकालिकात छापून येत नाही. ती शोधावी लागते.

तिसरी गोष्ट : कागद

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एकूण कामाचा निम्मा वेळ कागदांवर गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

सुरुवात डॉक्टरांच्या घरच्या माळ्यापासून. जुन्या ओपीडीच्या नोंदवह्या, परिषदांचे बिल्ले, रंगीत पारदर्शिका, मुलांची वाढतक्त्यांची कार्डं, पत्रव्यवहार. काहीही टाकू देऊ नका आणि काहीही न विचारता उचलू नका. प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीने लिहा : कुठून मिळालं, कुणी दिलं, कोणत्या तारखेला. मोबाइलने छायाचित्रं काढताना वहीचं मुखपृष्ठ आधी घ्या, मग पानं क्रमाने. नाहीतर तीन महिन्यांनी कोणतं पान कोणत्या वहीतलं ते कुणालाच सांगता येत नाही. वाळवी लागलेली वही वेगळी ठेवा, बाकीच्यांत मिसळू नका.

मग संस्था. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एमडीचे प्रबंध असतात. या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली किती झाले आणि कोणत्या विषयांवर, ही यादी फार बोलकी ठरते. आमच्याकडे एका सरांच्या नावावर स्वतःचे निबंध मोजके होते. पण विद्यार्थ्यांचे प्रबंध सालवार मांडले तेव्हा दिसलं की हा माणूस वीस वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरत होता : जुलाबानंतर मुलाचं वजन परत का येत नाही? इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स १९६३ साली स्थापन झाली आणि तिचं 'इंडियन पीडियाट्रिक्स' हे नियतकालिक १९६४ पासून निघतं. जुने अंक चाळा. नाव शोधताना आद्याक्षरांचे सगळे प्रकार तपासा. बाईंच्या बाबतीत लग्नाआधीचं नावही बघा. निम्मं काम त्या नावाखाली दडलेलं असू शकतं.

सरकारी बाजूही विसरू नका. कुपोषणावर काम केलेलं असेल तर ग्राम बाल विकास केंद्रं, बाल उपचार केंद्रं, पोषण पुनर्वसन केंद्र यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी तालुका पातळीवर असतात. अंगणवाडी सेविकांना दंडघेर मोजायला कुणी शिकवलं, हे त्या सेविकाच सांगतील.

आकडा मिळाला की तो कशाचा आहे ते लगेच शेजारी लिहा. "जुलाबाने दगावणारी मुलं कमी झाली" हे वाक्य चालत नाही. कोणत्या वॉर्डात, कोणत्या वर्षी दाखल किती, त्यातली गेली किती, पुढे किती. आणि त्याच काळात आणखी काय बदललं, तेही : रस्ता झाला, नळ आला, गोवराची लस आली. श्रेय देताना हे लिहिलं, तर श्रेय कमी होत नाही. वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

चौथी गोष्ट : मुलाखती

डॉक्टरांची मुलाखत एका बैठकीत उरकू नका. चाळीस-पन्नास मिनिटांच्या चार बैठका घ्या, सकाळच्या वेळी. दोन मोबाइलवर ध्वनिमुद्रण ठेवा, एक बंद पडतोच. "तुमच्या यशाचं रहस्य काय" असले प्रश्न घरी ठेवून या. नेमकं विचारा. तुम्ही वॉर्डात रुजू झालात त्या दिवशी खाटा किती होत्या, मुलं किती होती? लहान मुलाची शीर सापडली नाही तर काय करत होतात? यकृताचा तुकडा तपासायला कुठे पाठवायचात, उत्तर किती दिवसांनी यायचं? कोणतं मूल अजून आठवतं? कोणता सल्ला तुम्ही वर्षानुवर्षं दिलात आणि नंतर तो चुकीचा ठरला?

हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, पण तिसऱ्या बैठकीत, ओळख झाल्यावर. जुलाब झाले की मुलाचं खाणं-पिणं बंद ठेवा, असं एके काळी डॉक्टरही सांगत. आज आपण अंगावरचं दूध आणि खाणं चालू ठेवायला सांगतो. ज्यांनी हा बदल स्वतःच्या हातांनी केला, ते त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात आणि त्या बोलण्यात खरं विज्ञान असतं.

एवढंच करून थांबलात तर गोष्ट एकतर्फी राहील. वॉर्डातल्या सिस्टर, स्वयंपाकघरातल्या मावशी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, पहिली विद्यार्थिनी आणि मतभेद असलेला एखादा सहकारी, या सगळ्यांकडे जा. एका निवृत्त सिस्टरांनी मला सांगितलं, "सर राउंडला आले की आधी बाळाकडे नाही, बाळाच्या दुपट्याकडे बघायचे." शी बघायची, मोजायची, वास घ्यायचा, मग केसपेपर. बालपोटविकाराच्या डॉक्टरांचं याहून नेमकं वर्णन माझ्या वाचनात आलेलं नाही. ते वाक्य जसंच्या तसं मानपत्रात गेलं, सिस्टरांच्या नावासह.

पाचवी गोष्ट : मुलांची नावं नकोत

जुन्या नोंदवह्यांत मुलांची नावं, पत्ते, आईबापांचे व्यवसाय असतात. ती मुलं आज चाळिशीत आहेत, त्यांची लग्नं झाली आहेत, आणि लहानपणी आपल्याला यकृताचा आजार होता हे त्यांनी सासरी सांगितलेलं असेलच असं नाही. वहीतलं कुठलंही नाव छापू नका, पडद्यावर दाखवू नका. छायाचित्रात चेहरा ओळखू येत असेल तर लेखी परवानगी घ्या. मिळाली नाही तर छायाचित्र वापरू नका, ते कितीही सुंदर असलं तरी. 'उपचारापूर्वी आणि उपचारानंतर' अशी कुपोषित उघड्या मुलांची छायाचित्रं तर अजिबात नकोत. पूर्वी ती सर्रास वापरली जात. त्या मुलाची परवानगी कुणी घेतली नव्हती.

एखाद्या जुन्या रुग्णाला स्वतःहून बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या. पण त्याला शोधून, गळ घालून उभं करू नका.

सहावी गोष्ट : 'पहिलाच' हा शब्द

एका मानपत्रात मी लिहिलं होतं की सरांनी जिल्ह्यात ही तपासणी 'सर्वप्रथम' सुरू केली. कार्यक्रमानंतर एक वृद्ध डॉक्टर जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे ती दोन वर्षं आधी होत होती, पण असो." मला फार लागलं. चूक माझी होती, सरांची नव्हती, आणि ती चौकटीत घालून त्यांच्या भिंतीवर लागली. तेव्हापासून 'पहिला', 'एकमेव', 'जनक' हे शब्द दोन स्वतंत्र पुरावे असल्याशिवाय मी लिहीत नाही.

दावा कसा तपासायचा याचा नमुना म्हणून तांब्याचीच गोष्ट घ्या. या आजाराची वर्णनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून आहेत, म्हणजे 'पुण्यात शोध लागला' हे चूक. यकृतातल्या तांब्याकडे इतर ठिकाणच्या संशोधकांचंही लक्ष होतं. प्रतिबंधाच्या कामात चंडीगढचे डॉक्टरही सहभागी होते. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ या काळात अशाच तऱ्हेने आजारी पडलेल्या १३८ बाळांची नोंद १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवत, आणि तिथे आनुवंशिक कलही असावा असं मांडलं गेलं. म्हणजे तांबं हे एकटंच कारण की आनुवंशिकतेची जोड लागते, हा प्रश्न उरतो. हे सगळं पाहून पुण्याच्या कामाबद्दल काय लिहाल? मी असं लिहीन : "आजारी मुलांच्या यकृतातलं तांबं आणि घरातल्या दुधाचं भांडं यांचा संबंध त्यांनी पुराव्यानिशी जोडला, आणि तो घरोघर पोचेल असा सल्ला त्यातून तयार केला." 'जनक' शब्द कुठेही नाही, आणि काही कमीही पडत नाही.

श्रेय वाटून द्या. निबंधावर चार नावं असतील तर मानपत्रात चारही यावीत. सत्कारमूर्ती खऱ्या असतील तर त्या स्वतःच ती नावं घालायला सांगतात.

सातवी गोष्ट : मानपत्र

साडेतीनशे ते चारशे शब्द पुरेत. वाचायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात, त्यापुढे सभागृह ऐकत नाही. 'हे धन्वंतरी', 'आपल्या चरणी' ही भाषा टाळा. या डॉक्टरांनी आयुष्यभर आयांना साध्या शब्दांत समजावलं, त्यांच्या मानपत्रालाही तीच भाषा शोभते.

पहिलं वाक्य दृश्याचं असावं. समजा, सत्कारमूर्तींचं मुख्य काम जलसंजीवनीच्या प्रसाराचं आहे. नेहमीचं मानपत्र सुरू होतं ते असं : "आपण बालआरोग्याच्या क्षेत्रात अतुलनीय कार्य करून समाजापुढे आदर्श निर्माण केला." हे वाक्य डोळ्यांच्या डॉक्टरांनाही चालेल. त्याऐवजी : "पावसाळ्यात आपल्या वॉर्डात एका खाटेवर तीन मुलं असायची. आपण दाराशी एक टेबल मांडलंत, त्यावर पाण्याचा माठ, पेला आणि पुड्या ठेवल्यात, आणि प्रत्येक आईला चमच्याने पाजायला स्वतः शिकवलंत." हे वाक्य दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही. हीच कसोटी लावा : नाव झाकून वाचा आणि विचारा, हे आणखी कुणाचं असू शकेल का?

मग मधला भाग : आधी काय होतं, काय केलं, काय बदललं, सोबत कोण होतं. वैद्यकीय शब्द घातला तर पुढच्याच वाक्यात तो उलगडा. समोर डॉक्टर असतील तसे शेजारीपाजारी आणि नातवंडंही असतील. पदव्या आणि पदं शेवटी, दोन ओळींत. मसुदा तयार झाला की सत्कारमूर्तींना दाखवा. तपशील त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो. मात्र स्तुती कमी करा म्हणाले तर पूर्ण ऐकू नका.

मोठ्या अक्षरांत एक प्रत वेगळी काढा, चौकटीतली नव्हे. ऐंशीच्या माणसाला ती हातात धरून वाचता आली पाहिजे.

आठवी गोष्ट : पैसा कुणाकडून घ्यायचा नाही

गौरव निधी म्हटलं की प्रायोजक पुढे येतात. मुलांच्या पोषणाच्या क्षेत्रात इथे कायदाच आड येतो, आणि तो यावाच. बाळांच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांबाबतचा १९९२ चा कायदा २००३ साली आणखी कडक झाला. अशी उत्पादनं करणाऱ्या, विकणाऱ्या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना पैसे देता येत नाहीत. परिषद, चर्चासत्र, शिष्यवृत्ती, संशोधन यांचं प्रायोजकत्वही नाही. मागच्या बाजूला लहान फलक, जेवणाचा खर्च, पिशव्या, यातलं काहीही स्वीकारू नका. ज्यांनी जन्मभर 'सहा महिने फक्त अंगावरचं दूध' असं सांगितलं, त्यांच्या समारंभाला पावडरच्या डब्याचा पैसा हा त्यांचा अपमान आहे.

विद्यार्थ्यांकडून लहान रकमा गोळा करा. खर्च कमी ठेवला तर त्या पुरतात.

नववी गोष्ट : मोठ्या पुरस्कारासाठी शिफारस

काम त्या तोलाचं असेल तर शिफारस करायला लाजू नका. पद्म पुरस्कारांसाठी कुणीही नागरिक राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नामांकन भरू शकतो. मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही. योगदानाचं वर्णन ८०० शब्दांपर्यंत असतं. मुदतीच्या तारखा बदलतात, त्या पोर्टलवरच बघा. सरकारी नोकरांना हे पुरस्कार सहसा मिळत नाहीत, पण डॉक्टर आणि वैज्ञानिकांना ही अट लागू नाही, त्यामुळे सरकारी रुग्णालयात हयात घालवलेल्यांचं नाव जरूर पाठवा. मरणोत्तर सन्मान अपवादानेच होतो. वर महालनबीसांबद्दल लिहिलं ते पुन्हा आठवा.

पद्म पुरस्कार ही पदवी नाही, नावाच्या आधी किंवा नंतर ती लावता येत नाही. तेव्हा पाहुण्यांपैकी कुणी पुरस्कारप्राप्त असेल तर निमंत्रणपत्रिकेत 'पद्मश्री डॉ. अमुक' छापू नका. परिचयात पुरस्काराचा उल्लेख करा.

बालपोटविकार, यकृत आणि पोषण या विषयांच्या तज्ज्ञांची स्वतंत्र भारतीय संघटना आहे, बालरोगतज्ज्ञांच्या राज्य आणि शहर शाखा आहेत. त्यांच्याकडेही तीच माहिती पाठवता येते, फक्त तिथे शास्त्रीय कामाची यादी आधी आणि प्रसंग नंतर.

समारंभाचा दिवस

याबद्दल थोडंच सांगते. सकाळी दहा ते साडेअकरा. तळमजला, किंवा चालू असलेली लिफ्ट. सत्कारमूर्तींना पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाणी, शेजारी घरचं माणूस. वक्ते तीन : एक विद्यार्थी, एक सिस्टर किंवा सेविका, एक जाणकार. राजकीय पाहुणे येणार असतील तर त्यांची वेळ आधी लिहून घ्या आणि ते उशिरा आले तरी कार्यक्रम सुरू करा. पुष्पगुच्छांऐवजी पत्रं मागवा. आमच्या बाईंना एकशे चाळीस पत्रं आली होती, त्यांतली बरीचशी पोस्टकार्डं. त्या महिनाभर रोज चार-पाच वाचत होत्या.

दाराशी एक टेबल मांडून जुन्या वस्तू ठेवल्या तर लोक भाषणांपेक्षा तिथे जास्त रमतात : वजनाचा तराजू, वाढतक्ता, ओआरएसची जुनी पुडी, हाताने लिहिलेला आहारतक्ता. पुण्याच्या बाजूला असाल तर कल्हईचं एक पितळी पातेलं ठेवा आणि शेजारी चार ओळी लिहा. आज्या त्या टेबलाशी थांबतात आणि नातींना सांगू लागतात.

नंतरचं काम

समारंभ झाला की समिती विखुरते. म्हणून पुढच्या तीन महिन्यांची जबाबदारी आधीच दोन जणांवर टाका. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण तीन ठिकाणी ठेवा : घरच्यांकडे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, आणि एका हार्ड डिस्कवर संस्थेच्या कपाटात. त्याचं लिखित रूप करा. चार तास बोलण्याची शंभरेक पानं होतात आणि कामाला जवळजवळ महिना लागतो, पण न लिहिलेली मुलाखत पुन्हा कुणी ऐकत नाही. निधी उरला तर वार्षिक व्याख्यानापेक्षा एखाद्या निवासी डॉक्टरला किंवा नर्सला बालयकृतविकाराच्या मोठ्या विभागात महिनाभर पाठवण्याची सोय मला जास्त मोलाची वाटते. व्याख्यान तासाभरात संपतं, शिकून आलेली नर्स पंचवीस वर्षं वॉर्डात असते.

आणि घेतलेले मूळ कागद परत करा, पोच घेऊन, ज्याचे त्याला. त्या दुपट्याबद्दल सांगणाऱ्या सिस्टरांची डायरी परत द्यायला मी गेले होते. त्यांनी ती चाळली, सगळी पानं आहेत का बघितलं, आणि कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, "ताई, ते सरांचं मानपत्र, ज्यात माझं नाव आहे, त्याची एक झेरॉक्स मिळेल का? मुलाला पाठवायचीय." दुसऱ्या दिवशी पाच प्रती नेऊन दिल्या.